माजघराच्या भिंतीला चार हात

एका दिवसात मी एकच भिंत पांढऱ्या मातीनं चार वेळा पोतारली. का, तर जिथं बघावं तिथं ती मळकी दिसत होती. आपले डोळे तपासून बघावेत असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी भिंतच तपासत राहिले. लग्नाला सहा महिने झाले होते, वय चौदा-पंधरा, आणि अंगात शहाणपण एवढं की ते साठवायला सासरची कणगी कमी पडावी. आता नातवंडांना मी ‘नीट बघून करा रे’ असं दटावते, तेव्हा ती भिंत डोळ्यांपुढं येते आणि माझं मलाच हसू फुटतं. मुलं म्हणतात, आजी उगीच हसते. उगीच नाही हसत. त्या चौदा वर्षांच्या बाईला हसते. पण हसून झालं की मनातल्या मनात त्या भिंतीला हातही जोडते, कारण ती भिंत मी शहाण्यासारखी पोतारली असती तर माझ्या नणंदेचं आयुष्य निराळ्याच वाटेला लागलं असतं.

हे निजामाच्या राज्यातलं. केज आमचा तालुका. सगळे कागद उर्दूत. सासरे कचेरीत जायचे, तिथल्या कारकुनाकडून कागद वाचून घ्यायचे आणि घरी येऊन स्वतःला न समजलेले शब्द आम्हाला मोठ्या आवाजात समजावून सांगायचे. आम्ही माना डोलवायचो. घर म्हणजे तीन खणांचं माळवद. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर माती. खिडकी नावाची वस्तू त्या घरानं पाहिलेली नव्हती. माजघरात उजेड यायचा तो माळवदात ठेवलेल्या वीतभर भोकातून. त्याला सानं म्हणायचे. पाऊस आला की सान्यावर मडकं पालथं घालायचं आणि घराला दिवसाढवळ्या झोप लागायची. एरवी उन्हाचा एक वाटोळा तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर मांजरासारखा जागा बदलत राहायचा. त्या तुकड्यापलीकडं सगळं अर्धवट उजेडात.

म्हणून तर भिंती पोताराव्या लागत. दसऱ्याला, किंवा घरात काही कार्य निघालं की ओढ्याकाठच्या खाणीतून पांढरी माती आणायची, भिजवायची, गाळायची, आणि जुन्या लुगड्याचा बोळा तिच्यात बुडवून भिंतीवर वरून खाली फिरवायचा. एक हात दिला की पुरे. भिंत फारच धुरकटलेली असली तर दोन. चार हात कुणी देत नाही. मातीवर मातीचे इतके थर बसले की खालची भिंत वरच्या मातीला ओळखेनाशी होते आणि सोडून देते. हे ज्ञान मला चौथा हात दिल्यावर मिळालं.

नणंद माझ्याहून वर्षभरानं मोठी. चारचौघांत ती मला ‘वैनी, तुमी’ म्हणायची, दोघीच असलो की ‘तू’. मी त्या घरात नवी आले तेव्हा माझी एकही भाकरी धड फुगायची नाही. एकीला कडेला भेग, दुसरीचा पापुद्रा तव्यालाच. ती काय करायची, माझ्या भाकरी दुरडीत तळाला घालायची आणि स्वतःच्या चंद्रासारख्या भाकरी वर रचायची. सासऱ्यांनी ‘आज भाकरी ब्येस झाल्यात’ म्हटलं की मान खाली घालून म्हणायची, “वैनीनं केल्यात.” तळातल्या मग आम्ही दोघी मागाहून खायचो. तिला हसू आलं की ते आधी खांद्यांना यायचं. तोंडातून आवाज नाही, खांदे मात्र गदागदा हलायचे, आणि मग एकदम बांध फुटायचा.

त्या वर्षी तिला दोन ठिकाणची माणसं बघून गेली. दोन्ही वेळा तिला ओसरीवर उन्हात बसवलं होतं. दोन्ही वेळा पोरगी पसंत होती, ‘पण सावळी हाय’. दुसऱ्यांनी तर हे पुरणपोळीचं जेवण झाल्यावर सांगितलं. खरं सांगते, पाहुण्यांनी म्हणेपर्यंत ती सावळी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या फाटक्या भाकरी झाकणाऱ्या माणसाचा रंग कोण बघत बसतं?

सासऱ्यांनी मग एक दिवस जेवताना शांतपणे सांगून टाकलं. दिंद्रुडचं स्थळ येतंय, ते जमलं तर ठीक. नाही जमलं तर नांदूरघाटच्या बिजवराला होकार कळवायचा. त्या बिजवराची पहिली मुलगी माझ्या नणंदेएवढी होती. त्या दिवसानंतर नणंदेचे खांदे हलायचे बंद झाले. भाकरी करायची, पाणी भरायची, सगळं करायची. पण मी मुद्दाम काही वेडंवाकडं बोलले तरी नुसती माझ्याकडं बघायची.

सासूबाईंनी बेत आखला. “ह्या खेपेला पोरगी उन्हात बसवायचीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “माजघरात बसवू. मागं पांढरीधप भिंत, वरून सान्याचा उजेड. खोली उजळली की पोरगीबी उजळती.” आम्हाला हे फारच पटलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सासूसासरे गाडी जुंपून केजला बाजाराला गेले. जाण्याआधी सासूबाईंनी लेकीच्या तोंडाला हरभऱ्याचं पीठ, हळद आणि साय असा लेप दिला. लेप कसला, सारवणच ते. “मी येईस्तोवर धुवायचं न्हाई,” त्यांनी बजावलं. “अन् तोंड हलवायचं न्हाई. भेगा पडल्या की गुण जातो.” मग माझ्याकडं वळून, “तू माजघराच्या भिंतीला एक हात दे. एकच. नीट दे, अन् वाळू दे.”

मी एक हात दिला. नीट दिला. दुपार कलायच्या आत भिंत वाळून खडूसारखी झाली. मी लांब उभी राहून बघितली, जवळ जाऊन बघितली, नणंदेला बोलावून दाखवली. तिनं डोळ्यांनीच ‘छान’ म्हटलं. घंगाळात तीन हात देता येतील एवढी माती उरली होती. सासूबाईंनी ती दाराच्या चौकटीसाठी आणि ओसरीसाठी ठेवली होती. इथं मी गप्प बसले असते तर हे लिहायला काही उरलं नसतं.

दिवस बुडाला. सान्यातला उजेड राखेच्या रंगाचा झाला. मी भिंतीकडं पुन्हा एकदा कौतुकानं बघायला गेले, आणि बघते तर काय, माझ्या डोळ्यांसमोरची जागा मळकी! डावीउजवीकडची भिंत पांढरी, आणि मधोमध, मी बघत होते नेमका तिथं, एक धुरकट डाग. मला वाटलं, हात नीट बसला नाही. बोळा बुडवला, त्या जागी फिरवला. मग डावीकडं बघितलं, तर तिथं डाग. तिथं फिरवला. उजवीकडं बघितलं, तिथं. मागं वळून पहिल्या जागेकडं नजर टाकावी तर ती पुन्हा मळकी, आणि जिथून नजर काढली ती जागा झकास पांढरी. मी सरकले की मळ माझ्याबरोबर सरकायचा.

आपलीच सावली पडत असेल म्हणून मी बाजूला झाले. पण दिवाच नव्हता तर सावली कुठली? माती ओली आहे म्हणून मळकी दिसत असेल म्हणावं, तर शेजारची जागाही तेवढीच ओली होती आणि ती पांढरी दिसत होती. दिवा लावून बघावं एवढी साधी गोष्ट. पण ओल्या भिंतीवर काजळी बसेल म्हणून मी दिवा आणला नाही. बघा केवढी हुशारी! उद्याचं स्थळ ह्या डागानं मोडणार, नणंद नांदूरघाटला जाणार आणि माझ्या भाकरी दुरडीत उघड्या पडणार, एवढंच मला दिसत होतं. म्हणून मी एकेक जागा करत बसले नाही, सगळ्या भिंतीलाच दुसरा हात दिला. मग तिसरा. नणंद दारात येऊन उभी राहिली. लेप वाळून तिचं तोंड मडक्यासारखं झालेलं. बोलता येईना. “हूं! हूं हूं!” करून ती दोन्ही हात हलवायला लागली. ती म्हणत होती, थांब. मला वाटलं, ती म्हणतेय वरच्या बाजूलाही राहिलंय. म्हणून मी पाटावर उभी राहून चौथा हात वरपर्यंत दिला.

सासूबाई आल्या, दिवा लागला. दिव्याच्या उजेडात भिंतीवर कुठंच डाग नव्हता. नुसती ओलीगच्च चमकत होती. त्यांची नजर मात्र रिकाम्या घंगाळाकडं गेली.

“येवढी माती कुठं गेली?”

“भिंतीवर.”

“आन् कावून?”

“मळकी दिसत हुती, आत्याबाई.”

त्यांनी भिंतीला बोट लावलं. बोट नखापर्यंत आत गेलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, पण त्यांच्या गप्प बसण्याला अख्खं घर घाबरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची गाडी आली. मुलाचा बाप, चुलता आणि मुलाची आजी. आजी काटकुळी, कमरेला पानाची चंची, आणि चालताना सगळ्यांच्या पुढं. पुरुष ओसरीवर टेकले; आजी सरळ माजघरात आली. भिंत वरवर वाळली होती आणि खरंच पांढरीधप दिसत होती. मला तर वाटलं, चार हातांचंच फळ. नणंदेला भिंतीशी पाटावर बसवलं. मी चुलीपाशी, पदराआडून बघत.

“पोरी, वर बग,” आजी म्हणाली. “कोरड्यास-कालवण काय काय करता येतं?”

नणंदेनं पुटपुटत सांगितलं. आजीचं उत्तराकडं लक्षच नव्हतं. ती कपाळाला हात लावून, डोळे बारीक करून, नणंदेच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. जरा पुढं सरकली. पुन्हा बघितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा खाली गेला. तो कोपरा मी दोनदा बघितलेला होता. आता ‘पण’ येणार, हे मला कळलं; सासूबाईंनाही कळलं, कारण त्यांनी लगबगीनं शिऱ्याची ताटली पुढं केली.

तेवढ्यात धप्प!

भाकरीएवढा मातीचा पोपडा भिंतीवरून सुटून नणंदेच्या डोक्यावर पडला. त्याचे तुकडे खांद्यांवर, मांडीवर. दुसरा एक छोटा पोपडा नेमका शिऱ्यात. नणंदेची वेणी पांढरी, भुवया पांढऱ्या, नाकाच्या शेंड्यावर मातीचा टिळा. आणि मग मला दिसले तिचे खांदे. मला आधी वाटलं, रडतेय. पण ते खांदे माझ्या ओळखीचे होते. काल संध्याकाळपासून लेपाखाली दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं आणि ती पोटाशी हात धरून, मातीनं माखलेली, पाहुण्यांसमोर खो खो हसायला लागली. मी तोंडात पदर कोंबला. काही उपयोग झाला नाही.

“भिंत कोणी पोतारली गं?” आजीनं विचारलं.

“सून नवी हाय…” सासूबाई सुरुवात करत होत्या.

“मी,” मी पुढं येऊन म्हणाले. “चार हात दिले.”

“चार? कावून? भिंत हाय का बैलाची पाठ, खरारा करायला?”

“बघल तिथं मळकी दिसत हुती, आजी. बाजूला पांढरी. बाजूला बघितलं की ती मळकी, अन् पहिली पांढरी.”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. लेक सावळी आणि सून खुळी, दोन्ही बातम्या दिंद्रुडला एकाच गाडीनं जाणार होत्या.

पण आजी हसली नाही. “कवा दिसलं असं?”

“दिस बुडताना.”

“दिवा हुता?”

“न्हाई.”

“हं,” आजी म्हणाली. “सान्यावर मडकं घाला कुणीतरी.”

आमच्या मालकांना, नणंदेच्या भावाला, माळवदावर चढवलं. मडकं पालथं पडलं, माजघराचं दार लोटलं, खोली कालच्या संध्याकाळसारखी झाली. आजीनं चंचीतली चुन्याची डबी काढली. कोठीच्या खोलीचं माजघरातलं कवाड धुरानं काळंभोर झालेलं होतं. त्यावर तिनं बोटानं चुन्याचे दोन बारके ठिपके लावले, हातभर अंतरावर, अगदी सारखे. मग म्हणाली, “घटकाभर डोळं निवू द्या.” आम्ही सगळ्या देवळात उभं राहावं तशा उभ्या राहिलो.

“आता डाव्या ठिपक्याकडं बग,” ती मला म्हणाली. “डोळा हलवू नको. उजळ कोणता?”

“उजवा.”

“आता उजव्याकडं बग.”

“डावा!” मी ओरडलेच. “आजी, डावा उजळ झाला! अन् उजवा तं जातोयच!”

सासूबाई पुढं आल्या. त्यांनी डावा बघितला, उजवा बघितला. “अगं बया,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. सासऱ्यांनी बघितलं आणि पाहुण्यांना बोलावलं. मुलाचा चुलता म्हणाला, “एका ठिपक्याला चुना कमी लागला असल.” आजीनं त्याच्यासमोर दोन्ही ठिपके पुसून नवे लावले. त्यानं पुन्हा बघितलं आणि मुलाच्या बापाला पुढं ढकललं. सोयरीक जमवायला आलेली दोन घरची माणसं एका काळ्या कवाडासमोर ओळीनं उभी राहून माना तिरक्या करत होती आणि ‘आता डावा, आता उजवा’ म्हणत होती. शिरा गार होत होता. मुलगी बघायला आलोय हे सगळे विसरले होते.

“मी सून असताना ज्वारी राखाया रानातल्या माळ्यावर बसायची,” आजी सांगायला लागली. “दिस बुडाला की रानडुकरं यायची. दीर भाले घेऊन डोळं फाडून बगायचे, त्यास्नी काय दिसायचं न्हाई. मी बाजूच्या बाभळीकडं बगायची. मंग डुकराचा ठिपका कडंला हललेला कळायचा. त्याच्याकडं वळून बगितलं की गायब. आंदारात डोळ्याच्या कडंला जास्त उजेड असतो. हे मला डुकराचं ठाऊक हुतं. भिंतीलाबी लागू व्हतं हे आज कळलं.”

बोलता बोलता ती थांबली. कवाडाकडून वळून तिनं नणंदेकडं बघितलं. नणंद तशीच पाटावर, मातीनं माखलेली, हसून दमलेली.

“मंग,” आजी हळूच म्हणाली, “मी आता ह्या पोरीकडं एवढं डोळं रोखून बगत हुते, तवा मला दिसत काय हुतं?”

तिनं नणंदेचं मनगट धरलं.

“चल गं पोरी. अंगणात चल.”

“आजीबाई, उन्हात कावून?” सासूबाई मधे आल्या. “हितंच बसा की. उन्हात घेरी यील तिला.” सगळा बेत उन्हातून वाचायचा होता, आणि ही म्हातारी मुलीचं मनगट धरून तिला उन्हातच नेत होती. मीही मागोमाग गेले. माझ्या भिंतीनं काय केलं होतं ते आता कळणार होतं.

अंगणात आजीनं स्वतःच्या पदरानं नणंदेच्या तोंडावरची माती पुसली. कपाळ, गाल, हनुवटी. सावकाश, लेकराचं पुसावं तसं. मग दोन पावलं मागं सरून बघितलं.

“सावळी हायस,” ती म्हणाली.

सासूबाई तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसल्या.

“व्हय,” नणंद म्हणाली. त्या सकाळचा तिचा हा पहिला ऐकू येण्याजोगा शब्द.

“मीबी हाय. हे बग.” आजीनं आपला सुरकुतलेला हात तिच्या हाताशेजारी धरला. “हे खरं सावळं. आत जे काळं दिसत हुतं ते माझ्या डोळ्यातलं हुतं. त्यावरून मी न्हाई म्हणून जाणार हुते.” मग एकदम, “हसत कावून हुतीस? सगळी माणसं घाबरलेली, अन् तू हसत हुतीस.”

नणंदेनं माझ्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं. काल तोंडावर लेप होता, वैनी भिंतीवर हात देत होती, ही ‘हूं हूं’ करत होती, वैनी पाटावर चढली, ही आत हसून हसून मरत होती आणि भेग पडू द्यायची नव्हती. “दाबून ठिवलं हुतं, आजी. डोक्यावर भिंत पडली, मंग न्हाई दाबवलं.”

आजी ऐकत गेली आणि ऐकता ऐकता खाली बसली, सासूबाईंच्या शेजारी. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिनं तोच मातीनं भरलेला पदर वापरला, त्यामुळं तिच्याही गालावर पांढरे पट्टे उठले. मग ओसरीकडं तोंड करून ती ओरडली, “सुपारी काढा रे!”

“आई, जरा आत बसून बोलू…” मुलाचा बाप चाचरत म्हणाला.

“काय बोलायचं? आपल्या घरात तीन सुना हैत. तिन्ही गोऱ्या. एक हसंल तं शपथ.”

अंगणातच सुपारी फुटली. शिऱ्यातला पोपडा काढून टाकला आणि उरलेला शिरा सगळ्यांनी खाल्ला. चुलत्यानं दोनदा मागितला. माघात लग्न झालं.

त्यानंतर किती वर्षं मी हा खेळ खेळले आहे! संध्याकाळी गायरानातून गुरं परत येताना आमची पांढरी कालवड कुठं आहे ते मी तिच्या शेजारच्या झुडपाकडं बघून ओळखायचे. दिवेलागणीला पहिली चांदणी लहान मुलांना दाखवताना सांगायचे, तिच्याकडं नको, तिच्या जरा बाजूला बघा. मुलं बाजूला बघायची आणि टाळ्या पिटायची. अंगणातला मोगरा संध्याकाळी कडेनं फुललेला दिसायचा आणि जवळ जाऊन बघितला की विझल्यासारखा व्हायचा. मी त्यालाही समजावून सांगायचे, की बाबा, तुझी चूक नाही, मी तुला रोखून बघितलं. दिवसा मात्र हे काही जमत नाही. उन्हात जिथं बघाल तिथं चांगलं दिसतं, म्हणून तर दिवसा माणसाला आपल्या डोळ्यांचा एवढा भरवसा वाटतो.

माझी एक नात डॉक्टरकी शिकते. तिला मी हे सांगितलं, वाटलं हसेल. ती म्हणाली, आजी, अगदी बरोबर. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध जे बघणारे कण असतात ना, ते बारीकसारीक बघतात, रंग बघतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. थोड्या उजेडावर भागवणारे कण असतात ते मध्याच्या भोवती. अंधार पडला की मधले झोपतात आणि भोवतालचे जागे होतात. सगळ्या माणसांचं असंच असतं. मी म्हटलं, सगळ्यांचं असंच असतं तर मग भिंत मीच एकटीनं चार वेळा का पोतारली? त्यावर तिच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिंद्रुडच्या आजीचे उपकार मी कसे सांगू? लोक डोळे फाडून बघतात आणि दिसलं तेच खरं म्हणून उठून जातात. ती उठून गेली नाही. तिनं आधी आपल्याच डोळ्याला विचारलं. आणि सासूबाईंचे उपकार, की त्यांनी मला पुढं आयुष्यात एकदाही त्या घंगाळाची आठवण करून दिली नाही. दर दसऱ्याला फक्त भिंतीकडं बोट करून एक बोट वर करायच्या. एक हात. माझ्या नणंदेचा संसार चांगला झाला. पंचमीला माहेरी आली की आमच्या अंगणात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा, आणि तिच्या सासरच्या त्या तीन गोऱ्या सुनाही पुढं हसायला शिकल्या असं ऐकलं.

पण मला आठवते ती सुपारी फुटली त्याच दिवसाची संध्याकाळ. पाहुण्यांची गाडी गेली होती. आम्ही दोघी खुरपी घेऊन भिंतीवरची सैल माती खरवडत होतो. खालची जुनी भिंत पुन्हा वर येत होती, ठिगळाठिगळांची. उजेड कमी झाला तशी मी भिंतीच्या अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघायला लागले, कुठं मळकं राहिलंय का. तिनं माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. तिचे खांदे हलत होते. मग हसू आवरून ती म्हणाली:

“वैनी, आता पुन्यांदा पोताराया बसलीस की भिंतीकडं बगू नको, माझ्याकडं तोंड करून बस. भिंत कडंनं पांढरी दिसल. अन् मी काळी का गोरी, ते तुला तसंबी कदी दिसलं न्हाई.”